प्रत आणि परत

अण्णांच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात एक काळी हार्ड डिस्क आहे. तिच्यावरच्या पांढऱ्या पट्टीवर निळ्या बॉलपेननं लिहिलंय, ‘ऑफिस बॅकअप, मार्च २०१८ अखेर’. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ही डिस्क मिरजेला आत्याकडे माळ्यावर होती, म्हणून वाचली. तळमजल्यावरच्या ऑफिसातले संगणक वाचले नाहीत. आठवड्याच्या आठवड्याला भरली जाणारी ताजी डिस्कही त्या संगणकांच्याच खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. पाणी ओसरल्यावर आम्ही सीपीयूचे डबे उचलले तेव्हा त्यांतून गाळ गळत होता.

अण्णा माझे थोरले चुलतभाऊ, चार्टर्ड अकाउंटंट. मी पुण्यात एका शिक्षणसंस्थेत संगणकांचं जाळं सांभाळते. रात्री कुठल्या यंत्राचा बॅकअप झाला आणि कुठल्याचा अडला, हे सकाळी चहाच्या आधी बघायची मला सवय आहे. पुरानंतर अण्णांनी ऑफिस पहिल्या मजल्यावर नेलं आणि बॅकअपचं एक विकतचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याचं नूतनीकरण जवळ आलं होतं, म्हणून दिवाळीला घरी गेले असताना मी विषय काढला. चौदा संगणकांच्या ऑफिसला हे काम मुक्त सॉफ्टवेअरवर करता येईल, पैसे वाचतील, असं मी म्हणाले.

“पैशाचा प्रश्नच नाही,” अण्णा म्हणाले. “माझ्याकडे शंभर अशिलांची कागदपत्रं आहेत. उद्या काही झालं तर मी कुणाला धरायचं? विकत घेतलेल्या वस्तूला मालक असतो. तुझ्या त्या फुकटच्या सॉफ्टवेअरचा मालक कोण?”

“फुकट हा त्याचा मुख्य गुण नाही, अण्णा. त्याचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो, जवळ ठेवता येतो, हा गुण आहे. आणि धरायचंच म्हणता, तर तुमचा करार काढा ना. जबाबदारीचं कलम वाचू.”

अण्णांनी फाइल काढली. कलमं वाचणं हा त्यांचा रोजचा धंदा, त्यामुळे त्यांना ते लगेच सापडलं. माहिती गेली तर कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त त्या वर्षीच्या शुल्काएवढी. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि फाइल मिटली.

“ठीक आहे. भरपाई मिळणार नाही. पण फोन तर उचलतात! रात्री नऊ वाजता सप्टेंबर अखेरीला माझं काही अडलं, तर माझ्या फोनला उत्तर मिळतं. तू पुण्यात झोपलेली असशील. आणि खरं सांगू का, मला चालत्या गाडीचं चाक काढायची हौस नाही. हे बघ.”

त्यांनी आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीला हाक मारली आणि परवाच्या तारखेची एक एक्सेल फाइल परत काढायला सांगितली. तिनं खिडकी उघडली, तारीख निवडली, बटण दाबलं. चार मिनिटांत फाइल डेस्कटॉपवर आली, उघडली, आतले आकडे जागच्या जागी होते.

मला हे अपेक्षित नव्हतं. विकतच्या वस्तूत काहीतरी खोट निघेल, असं मी मनात धरून बसले होते. तसं झालं नाही, आणि ते इथे लिहायलाच हवं. ज्या ऑफिसात परवाची फाइल चार मिनिटांत परत येते, ते ऑफिस पुष्कळांच्या पुढे आहे.

“आता ती खालच्या खणातली काळी डिस्क लावा,” मी म्हणाले.

“ती कशाला?”

“लावा तर.”

डिस्क फिरायला लागली. आत एकच मोठी फाइल, जवळजवळ १८० जीबीची, न ओळखीच्या शेपटाची. ती बनवणारं सॉफ्टवेअर अण्णांनी पुराच्या बरंच आधी, दुसऱ्याच एका कंपनीकडून घेतलं होतं. ती कंपनी आता ते विकत नाही. जुन्या सीडीवरून आम्ही ते माझ्या लॅपटॉपवर बसवलं, तर त्यानं परवान्याचा क्रमांक मागितला. क्रमांक दिला, तर तो खरा आहे का हे विचारायला ते इंटरनेटवर गेलं. तिथे उत्तर द्यायला आता कुणी नव्हतं. चाक फिरत राहिलं आणि थोड्या वेळानं खिडकी बंद झाली. आम्ही हे तीनदा केलं.

“म्हणजे माल घरात आहे आणि कुलपाची किल्ली दुकानदारानं नेली,” अण्णा हळू आवाजात म्हणाले. पुरात गेलेल्या कागदांपैकी काही या डिस्कवर नक्की आहेत, हे त्यांना माहीत होतं. मलाही.

“मला नेमकं हेच म्हणायचंय. तुमच्याकडे प्रत आहे. ती परत येत नाही. बॅकअपच्या जाहिराती प्रतीबद्दल बोलतात, किती जलद, किती मोठी, कुठे ठेवली. माझं निम्मं आयुष्य परत आणण्यात गेलंय. अमेरिकेत मेरिलंड विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘अमांडा’ नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं गेलं. एका मध्यवर्ती यंत्रानं जाळ्यातल्या सगळ्या संगणकांचा बॅकअप टेपवर घ्यायचा, एवढंच त्याचं काम. ते आता जुनं झालं, पण त्यातली एक गोष्ट मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला दाखवते. अमांडानं लिहिलेल्या प्रत्येक बॅकअपच्या सुरुवातीला ३२ केबीची जागा असते. ती साध्या एडिटरमध्ये उघडली की सरळ वाचता येते. हे अमुक यंत्रावरचं, अमुक तारखेचं आहे, आणि परत काढायचं असेल तर ही आज्ञा द्या. ती आज्ञा चालवायला अमांडा लागतच नाही. ‘डीडी’ आणि ‘टार’ ही युनिक्सची जुनी साधनं पुरतात, आणि टार तर १९७९ पासून आहे. ज्यानं हे लिहिलं, त्यानं आपलं सॉफ्टवेअर उद्या नसेल हे धरून लिहिलं, अण्णा. गेल्यावर मागच्यांचं अडू नये म्हणून.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला.

“हे मला पटतं,” ते म्हणाले. “कारण माझ्याकडे याला कायद्याची बाजू आहे. कंपनीची हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपायची असतात. ऑगस्ट २०२२ मध्ये नियम बदलला. संगणकावर पुस्तकं ठेवणाऱ्या कंपनीनं भारतातल्या सर्व्हरवर त्यांचा बॅकअप रोजच्या रोज ठेवायचा. आधी ‘ठरावीक काळानं’ असं होतं, आता ‘रोज’. मी अशिलांना विचारतो, बॅकअप रोज होतो का? होतो म्हणतात, मी टिक मारतो. आठ वर्षांनी तो उघडेल का, हे मी आजवर एकालाही विचारलं नाही.”

मला वाटलं, बाजी जिंकली. पण अण्णा तसे सोडणाऱ्यांतले नाहीत.

“आता माझं ऐक. तुझ्या या साधनांमागे माणसं किती असतात? मी पेपरात वाचलं होतं. कुठल्याशा लहानशा मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरवाट ठेवली आणि ती जगभर जाणार होती.”

“एक्सझेड. मार्च २०२४. फाइली दाबून लहान करायचं साधन आहे ते.”

“आणि सांभाळणारा?”

“मुख्यतः एकटा माणूस, बिनपगारी. थकलेला. मदत करतो म्हणून एक जण आला, दोनेक वर्षं खरंच मदत केली, विश्वास कमावला आणि मग चोरवाट घुसवली.”

“बघ! पतसंस्था अशाच बुडतात. चांगला, थकलेला अध्यक्ष आणि मदतीला आलेला कार्यक्षम माणूस. ऑडिट म्हणजे काय, तर कुणा एकावर सगळा विश्वास टाकायचा नाही. तुमच्याकडे ऑडिट कोण करतं?”

मी सांगितलं की ती चोरवाट आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सापडली. आपल्या यंत्रावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून तो शोधत गेला, आणि कोड उघडा असल्यामुळे शेवटपर्यंत पोचू शकला. बंद कोडमध्ये तो तो अर्धा सेकंद नुसता मोजत बसला असता.

“हे नशीब झालं, ऑडिट नव्हे,” अण्णा म्हणाले.

यावर माझ्याकडे पुरेसं उत्तर नव्हतं, आजही नाही. ज्या साधनांवर मोठ्या कंपन्या उभ्या आहेत, त्यांतली कित्येक दोन-तीन माणसं फावल्या वेळात सांभाळतात. मी एवढंच म्हणू शकले की त्या माणसांनी हात टेकले तर काम दुसऱ्याला उचलता येतं. कर्न सिबाल्ड यांनी २००० साली ‘बॅक्युला’ लिहायला घेतलं, मोठ्या जाळ्यांसाठीचं भक्कम सॉफ्टवेअर. पुढे त्याच्या दिशेवरून मतभेद झाले, २०१० मध्ये काही जण तोच कोड घेऊन वेगळे झाले, आणि त्यातून ‘बॅरिऑस’ उभं राहिलं. आमच्या संस्थेत तेच आहे. जर्मनीतल्या त्यांच्या कंपनीकडून पैसे देऊन मदतीचा करारही करता येतो, म्हणजे फोन उचलणारा माणूस तिथेही मिळतो. ‘अ‍ॅटिक’ नावाचं छोटं साधन रेंगाळलं, तेव्हा २०१५ मध्ये त्यातूनच ‘बोर्ग’ फुटलं. काळ्या डिस्कवरच्या फाइलला अशी फांदी फुटू शकत नाही.

“आणि अण्णा, उघड्या कोडवर चालणाऱ्यांचंही फसतं. ‘गिटलॅब’ ही कंपनी याच जगातली. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरा त्यांचा एक अभियंता दुय्यम सर्व्हरवरची माहिती पुसायला गेला आणि मुख्य सर्व्हरवरची पुसून बसला. ३०० जीबीतले साडेचार उरले तेव्हा हात थांबला. बॅकअपच्या आणि नकलेच्या मिळून पाच व्यवस्था होत्या. रोजचा डेटाबेसचा बॅकअप बघितला, तर नाहीच. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, बॅकअप घेणारं साधन ९.२ चं, त्यामुळे ते रोज निकामी होऊन थांबत होतं.”

“कुणाला कळलं कसं नाही?”

“चूक झाली की मेल जायचा. तो मेल पलीकडचा सर्व्हर नाकारत होता. शेवटी सहा तासांपूर्वी एका अभियंत्यानं आपल्या वेगळ्याच कामासाठी काढून ठेवलेली एक प्रत सापडली, म्हणून सहा तासांचंच काम गेलं. त्यांनी ते सगळं लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना लोकांना यूट्यूबवर दाखवली. या धंद्यात मला त्यांच्याबद्दल त्यामुळे आदर आहे.”

“म्हणजे विकतचं असो की फुकटचं...”

“थांबा. मी माझंही सांगते.”

हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थेला मी बोर्ग लावून दिलं. बोर्ग फाइलीचे तुकडे करतं, एकदा ठेवलेला तुकडा पुन्हा ठेवत नाही आणि सगळं कुलूपबंद करतं. परवलीचं वाक्य मी तिथल्या मुलाला दिलं आणि म्हटलं, जपून ठेव. मुलगा नोकरी सोडून गेला. संगणक बिघडला तेव्हा त्याला फोन केला. वाक्य लक्षात नव्हतं. बोर्गचा सगळा कोड माझ्यासमोर उघडा होता, कुलूप कसं बनवलंय ते ओळ न ओळ वाचता येत होतं, आणि म्हणूनच मला खात्रीनं कळलं की ते उघडणार नाही. दोन वर्षांचे फोटो, मुलाखती, नोंदी गेल्या. वाक्य कागदावर लिहून पाकिटात घालून तिजोरीत ठेवा, हे सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “चहा सांगतो.”

चहा येईपर्यंत बोलणं व्हायरसकडे वळलं. अण्णांच्या ओळखीच्या एका ऑफिसात सगळ्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली गेली होती. नेटवर्कवर सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेला बॅकअपही त्यात गेला.

“तो जाणारच. तिथला प्रत्येक संगणक त्या फोल्डरमध्ये लिहू शकत होता, मग व्हायरसही लिहू शकतो. म्हणून मला ‘बॅकअपपीसी’ची रीत आवडते. क्रेग बॅरेट यांचं, २००१ पासूनचं. त्यात संगणक आपली प्रत पाठवत नाहीत, सर्व्हर त्यांच्याकडे जाऊन घेऊन येतो. सर्व्हरचा पासवर्ड एकाही संगणकावर नसतो. दूधवाला घरोघरी जाऊन दूध घालतो, पण घरच्यांकडे डेअरीची किल्ली नसते, तसं. फक्त उलट दिशेनं.”

“आणि डेअरीलाच आग लागली तर?”

“मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला एक अख्खं डेटा सेंटर जळालं. त्याच आवारात बॅकअप ठेवलेल्यांचं दोन्ही गेलं. तुमच्या कपाटासारखंच. आणि मर्स्क या जहाज कंपनीचं तर ऐकाच, कारण त्याचा धक्का इथे न्हावाशेव्यापर्यंत आला होता. २७ जून २०१७, ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस. जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं. जगभर मर्स्कच्या संगणकांवर कोण कोण आहे याची वही ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. वही एकमेकांशी ताडत राहायची, एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. सगळे एकदम पुसले गेले.”

“एकाच वहीच्या दीडशे झेरॉक्स. बॅकअप नव्हेच तो.”

“नव्हेच. फक्त एक सर्व्हर वाचला. घानातला. का, तर तिथली वीज गेली होती आणि तो त्या वेळी जाळ्यात नव्हता. माहिती तारेवरून पाठवायला वेळ फार, आणि तिथल्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी त्यानं डिस्क नायजेरियाला विमानानं नेली, तिथे दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो ती घेऊन इंग्लंडला गेला. मग दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे केले. हे आकडे पुढे त्यांच्या अध्यक्षांनीच सांगितले.”

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे वायर काढून आत्याच्या माळ्यावर ठेवलेली डिस्क हेच बरोबर होतं! आणि तू मला गेली पाच वर्षं त्यावरून बोलतेस.”

ते बरोबर बोलत होते. जाळ्यात नसलेली, दुसऱ्या गावी ठेवलेली प्रत हा त्यांच्या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणा भाग होता, आणि तो त्यांनी कुणाला न विचारता केला होता. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

नंतरचा वाद सैल झाला, पण अटी सुटल्या नाहीत. माझं म्हणणं, कोपऱ्यात पडलेला जुना संगणक घ्यायचा, त्यात दोन नव्या डिस्क घालायच्या, त्यावर डेबियन ही मुक्त कार्यप्रणाली आणि बॅकअपपीसी बसवायचं. चौदा संगणकांवर तेच तेच फॉर्म, तीच तीच पीडीएफ नऊ ठिकाणी असते, हे साधन ती एकदाच ठेवतं, म्हणून जागा कमी लागते. शिवाय ‘आरसिंक’ वापरलं तर अख्खी फाइल न आणता बदललेला भागच आणतं. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते काढलं. दोन टोकांच्या फाइलींचे तुकडे पाडून त्यांच्या बेरजांसारखे आकडे ताडायचे, जुळले त्यावर टिक, न जुळले तेवढेच पाठवायचे.

“अरे, हे तर आम्ही करतो ते,” अण्णा म्हणाले. “बँकेचं स्टेटमेंट आणि कॅशबुक.”

मी त्यांना बॅकअपपीसीच्या सेटिंगचं पान दाखवलं. रोजचा बॅकअप किती दिवसांनी? तिथे १ नाही, ०.९७ लिहिलेलं असतं. पूर्ण बॅकअप ७ दिवसांनी नाही, ६.९७. का? बरोबर एक दिवस लिहिलं तर कालचा बॅकअप संपायला झालेल्या उशिरानं आजचा पुढे सरकतो, उद्याचा आणखी पुढे, आणि महिन्याभरात रात्रीचं काम सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेला येऊन भिडतं. ते थोडं कमी धरलं की वेळ जागेवर राहते. हे अंक लिहिणाऱ्यानं खऱ्या ऑफिसांत खऱ्या रात्री घालवल्या आहेत, हे मला त्या ०.९७ मध्ये दिसतं. अण्णांनी तो आकडा बराच वेळ बघितला. आणखी एक सोय त्यांना आवडली. एखाद्याचा लॅपटॉप आठवडाभर बॅकअपमध्ये आला नाही, तर हे साधन त्याला स्वतःहून मेल करतं.

उणिवाही सांगितल्या. टॅली चालू असताना उघड्या फाइली नीट हाती लागत नाहीत, म्हणून फेरी रात्री, टॅली बंद केल्यावरच. आणि हे फाइली परत देतं, अख्खा संगणक नाही. विंडोज बसवलेला पूर्ण संगणक जसाच्या तसा उभा करायचा तर ‘क्लोनझिला’, तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातल्या लोकांचं. पेनड्राइव्हवरून चालतं, डिस्कवरचा वापरलेला भागच उचलतं. एकच काळजी घ्यायची, ज्या डिस्कवर परत ओतायचं ती मूळ डिस्कपेक्षा लहान नको. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत याच घराण्यातल्या सर्व्हरवरून अख्खा वर्ग एका वेळी ओततात.

“आणि आठ वर्षं?” अण्णांनी विचारलं. “बॅकअपपीसीही उद्या बंद पडलं तर?”

“त्याची स्वतःची मांडणी आहे, ती मी आठ वर्षांसाठी धरणार नाही. पण ते हवं तेव्हा टार फाइल काढून देतं. दर तिमाहीला ती टार एका डिस्कवर काढायची, वायर काढायची आणि मिरजेला. डिस्कला कुलूप हवंच, अशिलांची माहिती आहे. परवलीचं वाक्य पाकिटात, पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये. आणि दर दोन-तीन वर्षांनी डिस्क नवी.”

“माझ्या तीन अटी,” अण्णा म्हणाले. “एक, विकतचं सॉफ्टवेअर यंदा मी बंद करणार नाही. वर्षभर दोन्ही चालतील. दोन, परत कसं आणायचं ते मराठीत, कागदावर, भिंतीवर. तीन, ते तू न करता इथल्या माणसानं करून दाखवलं पाहिजे. तू खोलीत असशील, पण बोलायचं नाही.”

तिसरी अट ऐकून मला बरं वाटलं. ती मी घालायला हवी होती, घातली त्यांनी.

दोन दिवस मी तिथेच काम केलं. तिसऱ्या दिवशी, भाऊबीज होती, संध्याकाळी आर्टिकलच्या मुलीला मी दोन पानं दिली. अण्णांनी तिला सांगितलं, “तुझ्या टेबलावरच्या संगणकातली परवाची जीएसटीची फाइल परत आण.” ती कागद बघत बसली. ब्राउझर उघडला, पत्ता टाकला, लॉगिन केलं. पान उघडलं. डाव्या बाजूला चौदा नावं होती. पीसी-०१, पीसी-०२, पीसी-०३...

ती थांबली. कागद उलटला, पुन्हा सुलटा केला. “मॅडम, माझा कुठला?”

मी तोंड उघडलं आणि अण्णांनी बोट वर केलं.

ती उठली, आपल्या टेबलाशी गेली, संगणकाच्या पुढे बघितलं, मागे बघितलं. कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. ही नावं मी दिली होती, नकाशा माझ्या डोक्यात होता. ऑफिसात तिच्या संगणकाला सगळे ‘खिडकीजवळचा’ म्हणत होते. शेवटी तिनं एकेक नाव उघडून आतल्या फोल्डरमध्ये आपल्या फाइली शोधल्या. अकराव्या नावात त्या सापडल्या. तारीख निवडली, फाइलीवर खूण केली, झिप उतरवून घेतली. फाइल उघडली. घड्याळात बत्तीस मिनिटं झाली होती.

“विकतच्यानं चार मिनिटांत दिली होती,” अण्णा म्हणाले.

मी मान हलवली. मग आम्ही खणातून पांढऱ्या पट्टीची गुंडाळी काढली, काळ्या डिस्कवर लावली होती त्याच पट्टीची, आणि चौदा तुकडे कापले. मुलगी नावं लिहीत गेली, मी चिकटवत गेले. भिंतीवरच्या कागदावर दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये तिनं पेननं एक ओळ घातली, ‘संगणकाच्या पुढच्या बाजूला लिहिलेलं नाव बघा’.

काळी डिस्क अण्णांनी परत खालच्या खणात ठेवली. ती टाकून देऊ का, असं त्यांनी विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. खण लावताना ते म्हणाले, “पुढच्या महिन्यात एक संगणक अख्खा परत आणून बघू. मी करीन, माझ्या हातानं. तू पुण्यातच थांब.”